माघातली थंडी आणि वेधशाळेचे भाकीत

वेधशाळेची थट्टा करणे हा आपल्या समाजातील एक जुना आणि निरुपद्रवी विरंगुळा आहे. ‘आज पावसाची शक्यता नाही असे वेधशाळेने सांगितले आहे, तेव्हा छत्री अवश्य बरोबर न्यावी,’ हा विनोद आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आणि आज तोच विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकतो. विनोद चिरंजीव असतात हे खरे. परंतु ज्या शास्त्रावर तो रचला गेला, ते शास्त्र दरम्यानच्या काळात स्वस्थ बसलेले नाही. काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात इंदूरवर थंडी अवचित परतून आली, तेव्हा आमच्या नववीच्या वर्गाने आठ दिवस या भाकितांचा हिशेब ठेवला. भाकीत खरे केव्हा म्हणावे आणि खोटे केव्हा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे त्या आठ दिवसांत सर्वांच्याच ध्यानी आले. त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

थंडी केव्हा येते आणि केव्हा जाते, याचे एक लोकपंचांग आपल्यापाशी फार पूर्वीपासून आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढू लागतो. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालतात आणि सूर्याच्या रथाने दिशा बदलली असे मानतात. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. आणि कोणी रेंगाळलीच, तर ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण तिला शेवटचा निरोप देते. आम्ही माळव्यात राहणारी माणसे. तेव्हा उत्तरेकडील लोकांचाही हिशेब आमच्या कानांवर असतो. धनु राशीचे शेवटचे पंधरा आणि मकरेचे पहिले पंचवीस, असे चाळीस दिवसांचे कडक ‘चिल्ला’ ते मानतात. पौर्णिमा उलटली की आमच्या पंचांगात माघ वद्य लागतो आणि शेजारच्या घरच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण. एकाच गल्लीत दोन महिने नांदतात. थंडी मात्र दोन्ही घरांत सारखीच शिरते.

या सर्व म्हणी म्हणजे भाकितेच होत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाची सरासरी काढून ती केलेली आहेत आणि सरासरीने ती खरीही आहेत. परंतु सरासरी ही अनेक वर्षांची असते. येत्या मंगळवारी पहाटे काय होईल, हे ती सांगू शकत नाही. ज्याला मंगळवारी पहाटे शेतात उभे राहावयाचे आहे, त्याचे काम केवळ म्हणीने भागत नाही.

त्या वर्षी रथसप्तमी होऊन गेली होती. घरोघरी स्वेटर आणि रजया उन्हे दाखवून पेट्यांत गेल्या होत्या. सराफ्यात रात्री तळलेल्या गराडूच्या गाड्यांभोवतीची गर्दी ओसरू लागली होती. इतक्यात दोन दिवस आभाळ भरून आले, थोडा मावठा झाला, आणि तिसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखे निरभ्र झाले. उत्तरेकडून बोचरा वारा सुटला. त्याच सायंकाळी हवामान विभागाचे निवेदन आले, ते असे: पुढील दोन-तीन दिवसांत किमान तापमानात लक्षणीय घट होईल, तुरळक ठिकाणी थंडीची लाट संभवते, पिवळा इशारा. आमच्या शाळेच्या ओवरीत सुविचार लिहिण्याचा एक फळा आहे. त्या फळ्याच्या अर्ध्या भागावर दररोज सायंकाळी उद्याचे भाकीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष नोंद लिहावी, असे आम्ही सुचविले. मुलांनी ते आनंदाने मान्य केले. कारण वेधशाळेला खोटे पाडण्याची संधी कोण सोडील?

प्रारंभी आम्ही निवेदनातील एकेक शब्द घेऊन बसलो. ही थंडी कोठून आली? भूमध्य समुद्राच्या बाजूला निर्माण होणारे वातावरणातील काही विक्षोभ इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे सरकतात; येथील वृत्तपत्रे त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ते हिमालयावर बर्फ आणि उत्तरेच्या मैदानावर पाऊस टाकतात. त्यांचा पदर कधी कधी माळव्यापर्यंत पोहोचतो आणि मावठा होतो. विक्षोभ पूर्वेकडे निघून गेला की त्याच्या मागून वायव्येचे कोरडे, थंड वारे मोकळेपणाने खाली उतरतात. म्हणजे पावसाने जी थंडी येते असे आपण म्हणतो, ती खरे पाहता पावसाच्या पाठीमागून येते. ढग आहेत तोवर रात्री उबदार असतात. ढग गेले की जमिनीची उष्णता आकाशात निघून जाण्यास वाटच मोकळी होते.

मग ‘लाट’ कशाला म्हणावे? याचीही व्याख्या ठरलेली आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून खाली असेल आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असेल, तर ती थंडीची लाट. आणि ही तूट ६.४ अंशांहून अधिक झाली तर तीव्र लाट. याखेरीज पारा ४ अंशांवर वा खाली उतरला, तर सरासरी काहीही असो, लाट ठरतेच. आणि २ अंशांवर वा खाली आला तर तीव्र लाट. एका चुणचुणीत विद्यार्थिनीने लगेच विचारले, “सर, जानेवारीत याहून जास्त गारठा होता, तेव्हा कोणी लाट म्हटले नाही. आताच का?” प्रश्न मार्मिक होता. समजा, एखाद्या गावी जानेवारीतील सरासरी किमान १० अंश आहे आणि फेब्रुवारीतील १२. पारा ७ वर आला, तर जानेवारीत ती तूट तीन अंशांचीच. फेब्रुवारीत मात्र पाच अंशांची. आकडा एकच, पण एकदा ती नुसती थंडी आणि एकदा लाट. यात कोणतीही लबाडी नाही. उशिरा आलेल्या थंडीचा धोका केवळ तिच्या अंशांत नसून तिच्या अवेळीपणात असतो. पेट्या बंद झालेल्या असतात, आणि शेतात हरभरा फुलावर वा घाट्यावर आलेला असतो.

‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचाही अर्थ मुलांनी वहीत उतरून घेतला. विभागातील केंद्रांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर ती गोष्ट घडेल, असा त्याचा ठरीव अर्थ आहे. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे कृती करा. आपण ज्या शब्दांना मोघम म्हणून हसतो, ते मोघम नसून मोजलेले असतात, हे कळल्यावर वर्गातील हसणे थोडे कमी झाले.

तथापि खरा वाद दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. आदल्या सायंकाळी फळ्यावर पहाटेसाठी पाच अंशांचे भाकीत लिहिले होते. राजवाड्याच्या आसपास राहणारी मुले म्हणाली, “भाकीत खोटे! आमच्या गल्लीत इतकी थंडी मुळीच नव्हती.” विमानतळावरील केंद्राची नोंद आली, ती भाकिताच्या अगदी जवळची होती, म्हणून काही मुले म्हणाली, “भाकीत खरे!” इतक्यात मागील बाकावरील एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचे घर देपालपूरच्या बाजूला. होळकरांच्या काळापासून त्यांची तेथे शेती. शिक्षणासाठी तो इंदुरात आत्याकडे राहतो. तो म्हणाला, “सर, बाबांचा सकाळी फोन होता. आमच्या शेताच्या कडेला पाला पडला. म्हणजे तिथे शून्यच असणार.”

‘पाला’ हा शब्द ऐकून नुकतीच साताऱ्याहून बदली होऊन आलेल्या कुटुंबातील एक मुलगी बुचकळ्यात पडली. पाला पडला यात नवल ते काय, झाडांचा पाला शिशिरात पडावयाचाच! माळव्याच्या बोलीत पाला म्हणजे गोठलेले दव, जमिनीवर आणि पानांवर साचणारे हिम, हे तिला सांगावे लागले. रात्री पडलेला हा पाला सकाळी उन्हात वितळून जातो, आणि दोन-तीन दिवसांनी हरभऱ्याची व बटाट्याची पाने होरपळल्यासारखी काळी पडतात. थंडीने जळणे ही भाषेतील अतिशयोक्ती नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पानांच्या पेशींतील पाणी गोठले की पेशी फाटतात. उरते ती काळवंडलेली काडी.

आता एकाच पहाटेचे हे तीन अनुभव. त्यांतील खरा कोणता? तिन्ही खरे होते. वेधशाळेचा तापमापक उघड्यावर टांगलेला नसतो. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तो ठेवतात, म्हणजे ऊन वा पाऊस त्याला थेट लागत नाही आणि हवा मात्र खेळती राहते. या पेटीला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील, दीपगृहे बांधणारे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन, यांनी ती योजिली. जगभर मोजमाप एकसारखे व्हावे म्हणून ही सोय आहे. पण निरभ्र आणि निवांत रात्री सर्वांत आधी थंड होते ती जमीन. तिला टेकलेली हवा त्यानंतर, आणि पेटीच्या उंचीवरील हवा सर्वांत शेवटी. म्हणून पेटीत चार-पाच अंश दिसत असताना गवताच्या पात्यावर हिम साचू शकते. त्यातच थंड हवा जड असल्याने ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. उलट शहरात दगड, विटा आणि डांबर दिवसभराची ऊब रात्री सोडीत राहतात. म्हणून राजवाड्याच्या गल्लीत थंडी बोथट लागते. इतकेच काय, महू ओलांडून घाट उतरून निमाडात गेले, की पठारावरची कडाक्याची रात्र काही कोसांतच सौम्य होते. भाकिताचा आकडा हा एका पेटीचा असतो. त्यावरून आपल्या अंगणाचा आकडा ओळखणे हे आपले काम आहे.

हे काम त्या मुलाच्या वडिलांनी कसे केले, ते पुढच्या रविवारी आम्ही प्रत्यक्ष शेतावर जाऊन ऐकले. मुलाने आदल्या सायंकाळी फळ्यावरचे भाकीत त्यांना फोनवर वाचून दाखविले होते. ते म्हणाले, “आकडा मी ऐकला, पण पाहिला वारा. दिवे लागायच्या वेळेला वारा एकदम पडला. आकाशात एक ढग नाही. मग ओळखलं, आज रात्र वाईट.” ओली जमीन दिवसाची ऊब अधिक धरून ठेवते आणि रात्री ती हळूहळू देते, म्हणून पाल्याची भीती असेल तेव्हा हलके पाणी द्यावे, असे कृषिशास्त्र सांगते आणि जुने शेतकरीही सांगतात. पण पंपाला वीज मिळण्याचे तास ठरलेले. तेवढ्या वेळात सर्व हरभरा भिजणे शक्य नव्हते. कोणता भिजवावा?

वेधशाळा याचे उत्तर देऊ शकत नव्हती. ते त्यांच्या पायांना ठाऊक होते. ओढ्याकाठचा खोलगट पट्टा दर वर्षी आधी गारठतो, हे जाणून त्यांनी तेथे प्रथम पाणी सोडले. वरच्या चढाच्या बाजूला, वारा ज्या दिशेने येतो तिकडे ओलसर काडीकचऱ्याचे ढीग पेटवून धूर केला आणि रात्र जागून काढली. सकाळी खोलगट पट्टा बहुतांशी वाचलेला होता. जेथवर पाणी पोहोचण्याआधी वीज गेली, तो एक कोपरा तेवढा काळा पडला. आम्ही गेलो तेव्हा मुले त्या कोपऱ्यापाशी उभी राहिली. ओल्या आणि कोरड्या जमिनीची सीमा पिकाच्या रंगावरून कोणालाही दाखविता आली असती. पुस्तकातील धडा असा जमिनीवर लिहिलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली. तिसऱ्या रात्रीसाठीही भाकीत थंडीचेच होते. त्यांनी पुन्हा पाणी दिले, पुन्हा जागरण केले. पण मध्यरात्रीनंतर विरळ ढग आले आणि पारा उतरलाच नाही. मुलगा म्हणाला, “म्हणजे बाबा, त्या दिवशी तुम्ही उगाच जागलात. भाकीत चुकलं.” वडील हसून म्हणाले, “अरे, माझी एक रात्र गेली. पीक तर नाही ना गेलं?”

या एका वाक्यात जो हिशेब आहे, तो आमच्या फळ्यावर नव्हता. आम्ही भाकितासमोर केवळ बरोबर किंवा चूक अशी खूण करीत होतो. पण दोन चुका सारख्या नसतात. थंडी सांगितली आणि आली नाही, तर एका रात्रीची झोप आणि थोडे पाणी जाते. थंडी सांगितली नाही आणि आली, तर वर्षाची कमाई जाते. ज्याला गमवावयाचे आहे, तो भाकिताकडून वचन मागत नाही; तयारीला पुरेसा वेळ मागतो. जो गादीत पडून भाकिताची परीक्षा घेतो, त्याला मात्र ते शंभरातून शंभर वेळा खरे व्हावयास हवे असते!

तेवढे खरे ते का होत नाही, असेही मुलांनी विचारले. आमच्यापासून जवळच उज्जैनला सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. तेथील भव्य यंत्रांवर सूर्याची सावली पाहून काळ मोजता येतो. ग्रहणाचे गणित तर वर्षानुवर्षे आधी करून ठेवता येते. मग उद्याच्या थंडीचे का नाही? ग्रहणात सूर्य, चंद्र आणि पृथ्वी या मोजक्याच गोलांचा हिशेब असतो. हवेत मात्र असंख्य प्रवाह परस्परांना ढकलीत असतात आणि आरंभीचा किंचित फरकही पुढे मोठा होत जातो; १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने हे गणिताने दाखवून दिले. तरीही माणसाने हात टेकलेले नाहीत. भारताचा हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि १९४४ साली दिल्लीस गेले. पुण्यातील त्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली भाकीत-पद्धती २०२५ च्या मे महिन्यात देशाने स्वीकारली. पूर्वी बारा किलोमीटरच्या चौकटीने देश पाहिला जाई, तो आता सहा किलोमीटरच्या चौकटीने पाहिला जातो. शेतकऱ्यांसाठी २०१९ साली सुरू झालेल्या मोबाईलवरील सेवेचे नाव ‘मेघदूत’ आहे. कालिदासाने ज्या मेघाला मुद्दाम वाट वाकडी करून उज्जयिनी पाहावयास सांगितले, त्याचे हे नवे काम पाहून माळवेकरांना संतोषच वाटावा. तथापि सहा किलोमीटरची चौकट कितीही बारीक असली, तरी ओढ्याकाठचा पट्टा तिच्याहून पुष्कळच लहान आहे. शेवटचे काही हात अंतर माणसालाच चालावे लागते.

थंडी ही केवळ वैरीण आहे, असेही कोणी समजू नये. हरभऱ्याला जी रात्र मारक, तीच शेजारच्या गव्हाला बहुधा हितकारक असते. कारण दाणा भरण्याच्या वेळी गारवा टिकला तर दाणा टपोरा होतो. २०२२ साली भारतातील मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचा सर्वांत उष्ण ठरला, गव्हाला झळ बसली, आणि त्याच वर्षी १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. म्हणून माघातला गारठा एका बांधावर शाप आणि दुसऱ्या बांधावर वर असू शकतो. शहरातही तसेच. आम्हांला थंडी म्हणजे शाळेची वेळ तासाभराने पुढे ढकलली जाण्याचा आनंद. परंतु ज्याचे अंथरूण पदपथावर आहे, त्याला भाकितातील एकेक अंश मोजून सोसावा लागतो. शेकोटीच्या उबेबद्दलही एक सूचना येथे करणे आवश्यक आहे. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो जागे होऊ देत नाही.

आठव्या दिवशी वारा फिरला, दुपारचे ऊन पुन्हा टोचू लागले आणि फळ्यावर सुविचार परत आला. तथापि मुलांनी जाता जाता फळ्यावरील कोष्टकात एक बदल केला होता, तो नमूद केला पाहिजे. आरंभी तेथे ‘भाकीत’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोनच रकाने होते. शेवटच्या दिवशी तिसरा रकाना काढलेला दिसला. त्याचे शीर्षक होते, ‘मग कोणी काय केले?’

विद्यार्थिमित्रहो, उद्याचे हवामान वाचताना हा तिसरा रकाना आपण मनात ठेवावा. आकडा कोणत्या जागेचा आहे ते पाहावे, शब्द मोजून वाचावेत, संध्याकाळी एकदा आकाश आणि वारा स्वतः पाहावा. आणि गावी कोणाचे शेत असेल किंवा गल्लीत कोणी उघड्यावर निजत असेल, तर त्याच्यापर्यंत ते भाकीत वेळेवर पोहोचवावे. भाकीत खरे ठरले की खोटे, हा निवाडा सकाळी निवांतपणे करता येईल. त्याचा उपयोग करावयाचा, तो मात्र आदल्या रात्रीच.